यवन लेख, महाराष्ट्रातील

यवन लेख, महाराष्ट्रातील : पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांत यवन किंवा योनक म्हणविणाऱ्या दात्यांची नावे ज्या कोरीव लेखांत आली आहेत, त्यांचा समूह. हे लेख मुख्यतः जुन्नर, कार्ले व नासिक या तीन ठिकाणी असून त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पहिले व दुसरे शतक मानला जातो. नावाने यवन असले, तरी यांतील एकही लेख ग्रीक लिपीत वा ग्रीक भाषेत नाही. ते सर्व ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत. खडकावर कोरलेला खराखुरा ग्रीक लेख पाहावयाचा, तर अफगाणिस्तानातील कंदाहारपर्यंत जावे लागते. तेथे १९५८ मध्ये अशोकाचा ग्रीक व ॲरेमाइक अशा दोन भाषांतील लेख उजेडात आला आणि त्यानंतर काही वर्षांनी त्याच्या बाराव्या व तेराव्या शिलाशासनांच्या ग्रीक रूपांतराचा काही भाग असलेली एक शिलाही मिळाली. महाराष्ट्रात ग्रीक अक्षरे आढळतात, ती खडकावर नव्हे, तर क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर. तथापि सह्याद्रीतील झिजलेले लेख वाचण्याचा इतिहास आणि ग्रीक अक्षरे यांचा संबंध निकटचा आहे. किंबहुना ग्रीक अक्षरे नसती, तर हे लेख वाचावयास आणखी बराच काळ लागला असता.

यवन हा शब्द आयोनियन ग्रीकांच्या नावावरून, इराणी ‘यौन’ या रूपाच्या द्वारे, भारतात आला. प्राकृतात त्याची योन, योनक अशीही रूपे होतात. अशोकाच्या शिलाशासनांत योन राजे व योन लोक असे दोन्ही उल्लेख येतात. पुढे पश्चिम समुद्रातून येणाऱ्या रोमन साम्राज्यातील व्यापाऱ्यांनाही तोच शब्द लावला जाऊ लागला. त्यामुळे लेण्यांतील एखादा यवन हा वायव्येकडून खुष्कीने आलेल्या ग्रीकांचा वंशज, की अलेक्झांड्रियाकडून गलबताने आलेला व्यापारी, हे केवळ त्या शब्दावरून सांगता येत नाही. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर (सध्याचे तेर) असल्याचे म्हटले आहे. पैठण व तेर यांमधील सरळ वाट आजच्या बीड जिल्ह्याच्या भूभागातून जाते. सोपारा व कल्याण ही बंदरे, नाणेघाटासारखे घाट, घाटमाथ्यावरील जुन्नर आणि त्यापलीकडील ही पठारावरची शहरे अशा व्यापारी जाळ्यात यवनांची दाने पडली आहेत.

वाचनाचा आरंभ : अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्राह्मी लिपी वाचू शकणारा एकही माणूस भारतात उरला नव्हता. तिची सुटी, भौमितिक वळणाची अक्षरे पाहून परकीय प्रवाशांना ग्रीक लिपीचा भास होई. टॉमस कोरियट या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकाच्या आरंभी दिल्लीचा अशोकस्तंभ पाहिला आणि तो लेख ग्रीक असून अलेक्झांडरने तो विजयस्तंभ उभारला, असे ठरवून टाकले. महाराष्ट्रातील आरंभ तर याहूनही मासलेवाईक आहे. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यांनी वेरूळच्या काही लहान लेखांच्या नकला सर विल्यम जोन्स यांच्याकडे पाठविल्या आणि त्या पुढे काशीस विल्फर्ड यांच्याकडे गेल्या. तेथे एका पंडिताने प्राचीन लिपींची किल्ली असलेला ग्रंथ आपल्यापाशी असल्याचे सांगून ते लेख ‘वाचून’ दाखविले. पांडव अज्ञातवासात असताना त्यांनी परस्परांसाठी ठेवलेले ते संकेत होत, असा त्यांचा अर्थ निघाला व तो गंभीरपणे छापलाही गेला. ती किल्ली बनावट होती. या प्रकरणाचा उल्लेख गंमत म्हणून केला जातो. परंतु त्यात एक खरी अडचण दडलेली आहे. मूळ लेख समोर नसताना, दुसऱ्याने हाताने काढलेल्या नकलेवरून वाचन करणाऱ्यास कोणीही काहीही पटवून देऊ शकतो.

जे. स्टीव्हन्सन या मिशनऱ्याने १८३४ मध्ये कार्ल्याचे लेख लावण्याचा प्रयत्न केला. क, ज, प, ब अशी काही अक्षरे त्यांना बरोबर ओळखता आली. पण लेखांची भाषा संस्कृत असणार या गृहीताने ते चालल्यामुळे अर्थ बसेना. खरी वाट नाण्यांनी दाखविली. भारताच्या वायव्येस राज्य करणाऱ्या ग्रीक राजांनी एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस भारतीय लिपीतील मजकूर असलेली नाणी पाडली होती. ग्रीक बाजू वाचता येत असल्याने दुसऱ्या बाजूवर तेच नाव असणार, एवढा धागा पुरेसा होता. चार्ल्स मॅसन यांनी मिनांडर, अपलदत्त इत्यादींच्या नाण्यांवरील खरोष्ठी अक्षरगट अशा रीतीने ओळखले आणि ख्रिस्तियान लासेन यांनी १८३६ मध्ये अगथुक्लेय (ॲगॅथोक्लीझ) या राजाच्या नाण्यावरील ब्राह्मी अक्षरे लावली. पुढच्याच वर्षी जेम्स प्रिन्सेप यांना सांची येथील कठड्यांवरील अनेक आखूड लेखांची अखेर एकाच अक्षरजोडीने होते असे दिसले. ती जोडी ‘दानं’ हा शब्द असला पाहिजे, हे त्यांनी ताडले आणि संपूर्ण ब्राह्मी वर्णमाला उलगडली. कार्ल्याच्या खांबांवरील ‘थभो दानं’, म्हणजे ‘स्तंभ दान दिला’, हे शब्द यानंतर कोणासही वाचता येऊ लागले.

यापुढील अर्धशतकात महाराष्ट्रातील लेखांवर भाऊ दाजी लाड, त्यांचे साहाय्यक भगवानलाल इंद्रजी (१८३९–८८), रा. गो. भांडारकर, जेम्स बर्जेस, गेओर्ख ब्यूलर व पुढे एमील सेनार यांनी काम केले. भांडारकरांनी नासिकच्या लेखांवरील आपला निबंध १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहिला होता. बर्जेस व भगवानलाल यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह १८८१ मध्ये प्रसिद्ध केला. सेनार यांनी कार्ले व नासिक येथील लेख विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा संपादिले आणि हाइन्‍रिख ल्यूडर्स यांनी १९१२ मध्ये सर्व ब्राह्मी लेखांची क्रमवार यादी दिली.

झीज व तिच्यावरील उपाय : सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या थरांचा बनलेला असून त्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या लहान पोकळ्या असतात. पुष्कळदा त्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. खनिज गळून पडले, की वाटोळा खळगा राहतो. ब्राह्मीतील अनुस्वार हाही एक वाटोळा खळगाच असतो. त्यामुळे अक्षराच्या शेजारचा टिंब कोरक्याच्या छिन्नीचा की निसर्गाचा, हा प्रश्न सह्याद्रीतील जवळजवळ प्रत्येक लेखात उपस्थित होतो. भेगांच्या बाबतीतही असेच घडते. एखादी तिरपी भेग अक्षराच्या माथ्यास येऊन मिळाली, की तिचा इकार होतो. याखेरीज पावसाचा मारा, शेवाळ, वटवाघळे, लेण्यांत राहणाऱ्यांच्या चुलींचा धूर, चुन्याचे हात आणि अलीकडे हौशी प्रवाशांनी कोरलेली स्वतःची नावे या सर्वांची भर असते. दर्शनी भागावरचे लेख पावसाने झिजतात. आतले धुराने काळवंडतात, पण त्यांच्या कडा पुष्कळदा शाबूत राहतात.

लेखाची नक्कल डोळ्यांनी पाहून हाताने उतरविण्याची जुनी पद्धत मागे पडून ठसे घेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. खडक घासून स्वच्छ करावयाचा, त्यावर ओला कागद बसवून दाट केसांच्या ब्रशाने तो ठोकावयाचा, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत शिरतो. मग शाईचा बोळा अलगद फिरविला, की पृष्ठभाग काळा व अक्षरे पांढरी उमटतात. ठसा निःपक्षपाती असतो खरा, परंतु तो भेग व रेघ यांत भेद करीत नाही. खाचेचा तळ गोल आहे की छिन्नीने धारदार झालेला आहे, हे बोटाने चाचपल्याशिवाय कळत नाही. म्हणून चांगला वाचक ठशावर विसंबून राहात नाही. सकाळच्या व सायंकाळच्या तिरप्या उन्हात तो पुन्हा मूळ खडकापाशी जातो. अलीकडे निरनिराळ्या कोनांतून प्रकाश टाकून घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र करतात. तिरप्या उन्हाचेच ते शास्त्रीय रूप होय.

झिजलेल्या लेखाच्या वाचनाचा खरा आधार मात्र तुलना हाच आहे. सोपारा येथे भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये एक फुटका शिलाखंड मिळाला. त्यावर थोडेच शब्द शिल्लक होते. परंतु अशोकाची शासने गिरनार व इतरत्र संपूर्ण असल्यामुळे तो आठव्या शासनाचा तुकडा असल्याचे त्यांना निश्चित सांगता आले. नवव्या शासनाचा तुकडा त्याच परिसरात १९५६ मध्ये मिळाला. जेथे अशी दुसरी प्रत नसते, तेथे काय होते, हे नाणेघाटात दिसते. कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये पाहिलेल्या तेथील गुहेच्या दोन भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा वीस ओळींचा लेख आहे. त्याच्या कित्येक ओळींचे मोठमोठे भाग नष्ट झाले आहेत. यज्ञांची व दक्षिणांची जंत्री पुरेशी स्पष्ट आहे. तीत वारंवार येणाऱ्या संख्यांच्या आधारे भगवानलालांनी १८७६ मध्ये प्राचीन अंकचिन्हांवर स्वतंत्र निबंध लिहिला. पण राजपुत्राचे नाव ब्यूलर यांनी ‘वेदिसिरि’ असे वाचले, तर नंतरच्या काही अभ्यासकांनी तेच ‘खंदसिरि’ असे वाचले. एवढ्या फरकाने सातवाहन वंशावळीतील एक नाव बदलते. मागील भिंतीवरील राजपुरुषांच्या प्रतिमा नाहीशा होऊन केवळ पायांचे अवशेष उरले आहेत, वर त्यांची नावे मात्र आहेत. त्यांतीलही काही पुसून गेली आहेत. यवन लेख यामानाने आखूड आहेत. प्रत्येकी चार-सहा शब्दांचे हे लेख वाचण्यास सोपे वाटतात. पण शब्द जितके कमी, तितका एकेका अक्षरावरील भार अधिक.

जुन्नर : जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांतील लेण्यांत यवनांचे तीन लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दिली. चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. आणि चंद या यवनाने मानमोडी डोंगरातील चैत्यगृहाचा दर्शनी भाग (‘गभदार’) दिला. तिन्ही दाने बौद्ध संघाच्या नित्याच्या गरजांची आहेत आणि दात्याच्या नावाखेरीज त्यांत परकीय असे काहीही नाही. ‘देयधम’ हा शब्दसुद्धा इतर दात्यांच्या लेखांतल्यासारखाच आहे.

पहिल्या दोन लेखांत दात्याच्या नावानंतर ‘गतान’ किंवा ‘गतानं’ अशी अक्षरे येतात. ती षष्ठीच्या अनेकवचनाची आहेत असे मानून ‘गत नामक लोकांपैकी यवन इरिल’ व ‘गतांपैकी यवन चित’ असा अर्थ प्रथमपासून करण्यात आला. आता हे गत कोण ? नॉर्वेजियन पंडित स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये असा तर्क मांडला, की गत म्हणजे यूरोपातील गॉथ लोक होत. इरिल व चित या नावांचाही त्यांनी जर्मानिक भाषांच्या आधारे उलगडा केला. तर्क आकर्षक होता आणि तो अनेक ग्रंथांत उतरला. रोमन साम्राज्यास पुढे धडकी भरविणारे गॉथ दुसऱ्या शतकात जुन्नरच्या डोंगरात टाकी खोदून घेत होते, ही कल्पना कोणासही मोहविणारीच आहे.

परंतु तिचा पाया तपासला पाहिजे. ब्राह्मी लेखांत शब्दांमध्ये अंतर सोडण्याची चाल नव्हती. अक्षरे सलग कोरलेली असतात आणि ती तोडतो तो वाचक. ‘चितसगतानं’ ही अक्षरे ‘चितस गतानं’ अशी तोडली, तर चित हा माणूस व गत हे त्याचे लोक अशी दोन नामे मिळतात. कार्ले येथे एका खांबावर उमेहनकटच्या यवनाचा लेख आहे व त्यातील दात्याचे नाव ‘वितसंगतान’ असे वाचले गेले आहे. दोन्ही अक्षरगट शेजारी ठेवले असता फरक उरतो तो पहिल्या अक्षराचा आणि एका अनुस्वाराचा. ब्राह्मीत च व व ही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. दोहोंत खालच्या फुगीर भागावर उभी रेघ असते. फुगीर भाग पूर्ण वाटोळा असेल तर व, एका बाजूसच असेल तर च. झिजलेल्या खडकावर हा भेद सहज नाहीसा होतो. अनुस्वार तर या काळातील लेखांत पुष्कळदा कोरलेलाच नसतो : ‘धंम’ ऐवजी ‘धम’ कितीतरी ठिकाणी आढळतो. अशा स्थितीत जुन्नरचा चित व कार्ल्याचा वितसंगत ही एकाच प्रकारच्या नावाची दोन रूपे असण्याची शक्यता नाकारता येत नाही आणि तसे असेल, तर ‘गत’ हे लोक त्या लेखातून नाहीसे होतात. उरतो इरिलाचा लेख. त्यातील ‘इरिलसगतान’ या अक्षरांनाही तीच तोड लावता येते.

हे दोन लेख एकाच माणसाचे, असे यावरून म्हणता येणार नाही. दाने वेगळी, स्थळे वेगळी आणि एका लेखातील गावाचे नाव दुसऱ्यात नाही. शिवाय वाचकाने एका लेखातील झिजलेले अक्षर दुसऱ्या लेखातील अक्षरावरून दुरुस्त करावे आणि मग त्या दुरुस्तीचाच पुरावा द्यावा, ही चक्रापत्ती टाळलीच पाहिजे. एवढे मात्र स्पष्ट आहे, की गॉथांच्या भारतातील वस्तीला दोन ओळींतील शब्दांच्या एका विशिष्ट तोडीखेरीज दुसरा आधार नाही. दुसऱ्या शतकापर्यंत गॉथ लोक पूर्व यूरोपातच होते, ही ऐतिहासिक हरकत तर स्वतंत्रच आहे. कोनो यांच्या विद्वत्तेबद्दल आदर बाळगूनही हा तर्क आता बाजूस ठेवणे इष्ट.

कार्ले : येथील चैत्यगृहाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी पंधरा व स्तूपामागे सात असे एकूण सदतीस खांब आहेत. निरनिराळ्या दात्यांनी निरनिराळे खांब दिले. त्या दात्यांत पाच-सहा यवन आहेत. सिहधय (सिंहध्वज), यसवधन (यशोवर्धन), चुलयख अशी त्यांची नावे असून बहुतेक सर्व धेनुकाकट या गावचे आहेत. एकाच्या लेखात ‘धंमयवन’ असा शब्द आहे. तो ‘धंम नावाचा यवन’ की ‘धर्माचा, म्हणजे बौद्ध झालेला, यवन’ याविषयी मतभेद आहेत. ही अक्षरे मात्र नीट वाचता येतात. संशय अर्थाचा आहे, अक्षरांचा नाही. सेनार यांच्या नजरेतून सुटलेले काही लेख माधो सरूप वत्स यांनी पुढे प्रसिद्ध केले.

नावे सर्वस्वी भारतीय आहेत. त्यांत एकही फिलिप वा डायोनिसिअस नाही. यावरून काही अभ्यासकांनी हे यवन पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून मिसळून गेलेले असावेत असे म्हटले आहे, तर काहींनी यवन हे एखाद्या व्यापारी संघाचे वा कुळाचे नाव असावे असे सुचविले आहे. दुसऱ्या मतास व्याकरणाचा एक आधार आहे. ‘यवनस’ हे रूप एकवचनी, तर पुढील ‘सिहधयान’, ‘यसवधनान’ ही रूपे अनेकवचनी आहेत. जुन्नरच्या ‘चंदानं’ या रूपातही हेच दिसते. ‘सिंहध्वज कुळातील यवन’ असा अर्थ घ्यावा, तर दात्याचे स्वतःचे नाव कोरण्याचे राहून गेले असे म्हणावे लागते. दान देणारा आपले नाव वगळील, हे पटण्यासारखे नाही. आदरार्थी अनेकवचन मानणे त्यामानाने सरळ आहे. मराठीत आजही ‘पाटलांनी’ असे म्हटले, म्हणजे पाटील अनेक असतात असे नव्हे. तथापि त्याच खांबांवरील इतर दात्यांची नावे एकवचनातच का, याचे उत्तर या स्पष्टीकरणातून मिळत नाही.

धेनुकाकट कोठे होते, हेही अनिश्चित आहे. हे नाव कार्ल्याखेरीज शेलारवाडी व कान्हेरी येथील लेखांतही येते. आंध्र प्रदेशातील धरणीकोट व कोकण किनाऱ्यावरील एखादे ठिकाण असे तर्क झाले आहेत. दा. ध. कोसंबी यांनी कार्ल्याचा परिसर पायी धुंडाळून व लेख पुन्हा तपासून १९५५ मध्ये या प्रश्नावर निबंध लिहिला आणि ते गाव कार्ल्याच्या जवळच, देवघर येथे असावे, असे मत मांडले. खांब देणारे दाते बहुसंख्येने ज्या गावचे, ते गाव लेण्यापासून शेकडो कोस दूर नसावे, हा त्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे.

नासिक : पांडवलेण्यांतील सतराव्या क्रमांकाच्या लेण्यातील लेख या समूहात सर्वांत मोठा व सर्वांत स्पष्ट आहे. उत्तरेकडील, दातामिती येथील योनक, धंमदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने तिरण्हु पर्वतात लेणे, आतील चैत्यगृह व पोढ्या आईवडिलांच्या पुण्यार्थ खोदविल्या आणि आपला पुत्र धंमरखित याच्यासह त्या भिक्षुसंघास दिल्या, असा त्याचा आशय आहे. येथे तीन पिढ्यांची नावे मिळतात. आजोबा व नातू यांच्या नावांत धर्म आहे आणि मधल्याच्या नावात इंद्र व अग्नी या वैदिक देवता आहेत. बुद्धाला दान देणारा ग्रीकवंशीय, त्याचे नाव वेदांतील देवतांवरून ठेवलेले व दानपत्र प्राकृतात, असा हा संगम आहे.

दातामिती म्हणजे दत्तामित्री हे नगर होय. व्याकरणग्रंथांतील परंपरेनुसार ते सौवीर देशात, म्हणजे सिंधू नदीच्या खालच्या भागात होते. डिमीट्रिअस या ग्रीक राजाने वसविलेले डिमीट्रिअस नावाचेच नगर ते हे असावे, असे अनेकांनी मानले आहे. अशा नावाचे एक नगर आरकोशियात, म्हणजे कंदाहारच्या प्रदेशात, असल्याचे ग्रीक ग्रंथकार सांगतात. यांपैकी कोणते हे ठरविता आलेले नसले, तरी हा यवन समुद्रमार्गाने आलेला रोमन प्रजाजन नव्हता, एवढे ‘ओतराह’ (उत्तरेकडील) या एका शब्दाने निश्चित होते. जुन्नर व कार्ले येथील यवनांविषयी असा शब्द मिळाला असता, तर पुष्कळ वाद मिटले असते.

याच डोंगरातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील लेख आहे. त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव शक, यवन व पल्हव यांचा संहारक म्हणून केला आहे. एकाच डोंगरात यवनांचा संहार व यवनाचे दान हे दोन्ही कोरलेले आहेत. राजप्रशस्तीतील यवन व लेण्यातील यवन हे एकच मानून इतिहास रचण्याचा मोह टाळला पाहिजे.

जोगळटेंभीची नाणी : महाराष्ट्रात ग्रीक अक्षरांच्या वाचनाचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला तो नासिकजवळील जोगळटेंभी येथे. तेथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती क्षहरात क्षत्रप नहपान याची असून त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. लेण्यांतील प्रशस्तीत शब्दांनी सांगितलेला क्षहरातांचा उच्छेद या नाण्यांवर ठशाने नोंदला गेला आहे. नहपानाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरांचे कडे आहे. साचा नाण्याहून मोठा असल्याने एकेका नाण्यावर कड्याचा काही भागच उमटे. वापराने कडा झिजत आणि सातकर्णीच्या छापाने आणखी काही अक्षरे दडपली जात. याआधी मिळालेल्या मोजक्या नाण्यांवरून हा मजकूर नीट लागत नव्हता.

एच. आर. स्कॉट यांनी हा साठा तपासून १९०८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एका नाण्यावर नसलेले अक्षर दुसऱ्यावर, तेथे अर्धवट असलेले तिसऱ्यावर, असे करीत त्यांनी कडे पुरे केले. निघाले ते अनपेक्षित होते. ग्रीक अक्षरांतील मजकूर ग्रीक भाषेत नव्हताच. मागील बाजूस ब्राह्मी व खरोष्ठीत जे लिहिले होते, तेच ‘राजा क्षहरात नहपान याचे’ हे प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांनी लिहिले होते. ग्रीकात ‘ह’ साठी स्वतंत्र अक्षर सोयीचे नसल्याने व ‘क्ष’ चा उच्चार नीट बसत नसल्याने साचे खोदणाऱ्यांनी निरनिराळ्या नाण्यांवर निरनिराळी अक्षरे वापरली. ग्रीक शब्द शोधणाऱ्यास हा मजकूर सापडणे अशक्यच होते. स्टीव्हन्सन यांनी कार्ल्यास संस्कृत शोधले, त्यासारखीच ही चूक झाली असती.

नहपानानंतर चष्टनाच्या घराण्याने नाण्यांवर ही अक्षरे चालू ठेवली. चष्टनाच्या नाण्यांवर ती काही अंशी वाचता येतात. पुढे साचे खोदणाऱ्यांना त्यांचा अर्थ उरला नाही. मुखवट्याभोवती गोल, उभ्या व तिरप्या रेघांची एक किनार तेवढी राहिली आणि चौथ्या शतकातील क्षत्रप नाण्यांवरही ती तशीच खोदलेली दिसते.